पाणी कळकतं तेव्हा

आमच्या आजीच्या तोंडी एक शब्द होता. माझ्या वयाच्या मुलामुलींना तो आता फारसा ठाऊक नसेल. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा कढी चुकून राहून गेली, की ती चमचाभर चाखायची आणि म्हणायची, "कळकलं गं. ओतून दे." ताक नासलेलं नसायचं, वासही ठीक असायचा. पण जिभेवर तुरट, धातूची चव रेंगाळायची आणि पातेल्याच्या कडेला हिरवट झाक दिसायची. आंबटामुळे भांड्यातलं तांबं पदार्थात उतरतं, एवढं आजीला पक्कं माहीत होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराबाहेर कल्हईवाला बसायचा, तो मी लहानपणी एकदाच पाहिला. नवसागराचा पांढरा धूर निघाला, त्याने कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं आणि काळपट पातेलं चांदीसारखं झालं. पुढे घरात स्टील आलं आणि कल्हईवाला यायचा बंद झाला. त्याच्याबरोबर तो शब्दही गेला.

मला तो पुन्हा आठवला बाबांच्या कारखान्यात.

कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक शेड, चार कारागीर आणि ओळीने मांडलेल्या टाक्या. पितळेचे नळ, शॉवर, पाइपांचे जोड आमच्याकडे येतात आणि निकेल-क्रोमचा मुलामा घेऊन चकचकीत होऊन जातात. तुमच्या न्हाणीघरातल्या नळावर जी चमक आहे, ती अशाच एखाद्या शेडमध्ये चढलेली असते. निकेलची टाकी हिरवीगार, क्रोमची तांबूस तपकिरी. प्रत्येक टाकीतून माल बाहेर काढला, की तो साध्या पाण्यात धुवावा लागतो. मालाला चिकटून आलेलं रसायन त्या धुण्याच्या पाण्यात उतरतं. म्हणजे पाणी कळकतं, फक्त आजीच्या ताकापेक्षा कितीतरी पटींनी.

शाळेत असताना या पाण्याबद्दल मी कधी विचारलं नाही. घरात पैसा त्यातूनच येत होता.

इथल्याच विद्यापीठात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करताना प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली. यादीत एक ओळ होती: बहुवारिकाच्या मण्यांनी पाण्यातले जड धातू काढणे. बहुवारिक म्हणजे पॉलिमर, लहान रेणूंची लांबच लांब साखळी. मी तो विषय लगेच मागून घेतला. आपण बाबांचं पाणी स्वच्छ करून दाखवायचं, असं मनात होतं. थोडा तोराही होता, हे कबूल करते.

हे मणी बनवणं इतकं सोपं आहे, की पहिल्या दिवशी मला हसू आलं. तपकिरी समुद्रशैवालातून अल्जिनेट नावाचा पदार्थ काढतात. 1881 मध्ये स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा केला. आपल्या ओखा-द्वारकेच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सरगॅसम शैवालातही तो असतो. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवलं की दाट चिकट पेज होते. ती सिरिंजमधून थेंबथेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. थेंब पाण्यात पडतो आणि तिथल्या तिथे गोळा होतो. आपण झाऱ्यातून बुंदी पाडतो ना, अगदी तसं. थोड्या वेळाने तळाशी बघावं तर भिजवलेला साबुदाणाच.

आत काय होतं, तेही सांगते. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांवर ठिकठिकाणी ऋण विद्युतभाराच्या जागा असतात. कॅल्शियमवर दुहेरी धन भार असतो, म्हणून तो दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना जोडतो. अंड्यांच्या दोन ट्रेमध्ये अंडी बसावीत तसं हे दिसतं, म्हणून 1973 पासून या रचनेला 'अंड्याच्या खोक्याचा' नमुना म्हणतात. आता असे मणी शिसं किंवा तांबं असलेल्या पाण्यात टाकले, तर त्या धातूंची पकड कॅल्शियमपेक्षा घट्ट असते. ते आत शिरतात आणि कॅल्शियमला बाहेर काढून त्याच्या जागेवर बसतात. पाण्यात कॅल्शियम येतो, मण्यात शिसं जातं. ही अदलाबदल आहे, म्हणून हिला आयन-विनिमय म्हणतात.

मोरचुदाच्या निळ्या पाण्यात मी मूठभर मणी टाकले. तासाभरात पाणी फिकं पडलं आणि पांढरे मणी निळे झाले. शिशाला तर रंगच नसतो, पण उपकरणावर मोजलं तेव्हा त्याचं प्रमाणही झपाट्याने खाली आलेलं होतं. त्या रात्री मी घरी येऊन बाबांना बाटली दाखवली. "बघा, साबुदाण्याने तांबं खाल्लं!"

बाबांनी बाटली दिव्यासमोर धरली, हलवली. म्हणाले, "छान आहे. उद्या आपलं पाणी देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या दिल्या. एक निकेलच्या धुण्याची, फिकट हिरवी. दुसरी क्रोमच्या धुण्याची, पिवळी. मी दोन्हींत मणी टाकून रात्रभर ठेवले. हिरव्या पाण्याचा रंग किंचित उतरला असावा असं वाटलं, पण मोजल्यावर फरक अगदीच थोडा निघाला. पिवळ्यात तर काहीच झालं नाही. मी ती बाटली कारखान्यात परत नेली, तेव्हा आमच्या सर्वांत जुन्या कारागिरांनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाले, "पीळुं ने पीळुं ज छे, बेन."

पिवळं ते पिवळंच. मला फार लाज वाटली. पण खरं शिकणं तिथून सुरू झालं.

हिरव्या बाटलीचं कारण पुस्तकातच होतं, मी ते नीट वाचलं नव्हतं. अल्जिनेटला सगळे धातू सारखे प्रिय नसतात. शिसं सर्वांत पुढे, मग तांबं, मग कॅडमियम. कॅल्शियम त्यांच्या मागे आणि निकेल, जस्त, कोबाल्ट कॅल्शियमच्याही मागे. म्हणजे जागेवर बसलेल्या कॅल्शियमला उठवायची ताकद निकेलमध्ये जेमतेमच. त्यात आमच्या कारखान्यातलं पाणी बोअरवेलचं. ते जड, म्हणजे कॅल्शियमने आधीच भरलेलं. शिवाय धुण्याचं पाणी आम्लधर्मी. आम्लात हायड्रोजनचे आयन मण्यांवरच्या जागा अडवून बसतात आणि धातूला शिरकावच मिळत नाही. प्रयोगशाळेत मी ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून प्रयोग केला होता. बाबांच्या बाटलीत सगळा गोतावळा होता.

पिवळ्या बाटलीचं कारण याहून मुळातलं. क्रोमियमची दोन रूपं आपल्या कामाची. तीन भाराचं क्रोमियम धन असतं आणि सहसा हिरवट दिसतं. सहा भाराचं क्रोमियम मात्र पाण्यात ऑक्सिजनशी जोडी करून क्रोमेट म्हणून वावरतं आणि क्रोमेटवर भार ऋण असतो. माझे मणीही ऋण. दोघं एकमेकांना दूरच लोटणार. हे सहा भाराचं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि पाण्याबरोबर सहज वाहतं. म्हणजे जे सर्वांत आधी पकडायला हवं होतं, त्यालाच माझे मणी हात लावत नव्हते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेल्या कायटोसानच्या मण्यांवर आम्लात धन भार येतो, ते क्रोमेट पकडतात. पण तेही आम्लात विरघळू नयेत म्हणून त्यांच्या साखळ्या आधी एकमेकींना बांधून घ्याव्या लागतात. सगळ्या धातूंना चालेल असा एकच मणी नाही, हे मला तेव्हा समजलं.

मग मी बाबांना कारखान्यात वापरतात त्या कृत्रिम मण्यांबद्दल सांगितलं. त्यांचीही एक गंमत आहे. 1935 मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोन इंग्रज संशोधकांनी दाखवलं, की कृत्रिम राळेतही आयन-विनिमय होतो. ग्रामोफोनच्या तबकडीचा चुरा करून बघताना त्यांना हे लक्षात आलं, अशी हकिकत सांगतात. पुढच्या दशकात पॉलिस्टायरीनचे मणी आले आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक, मधाच्या रंगाचे. घरी पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर त्याच्या नळकांड्यात तेच असतात. त्यांच्यावर वेगवेगळे रासायनिक गट बसवता येतात. काही गट निकेलसारख्या धातूला खेकड्याच्या नांगीसारखे धरतात आणि कॅल्शियमकडे फारसं लक्ष देत नाहीत.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मणी भरले की काय करायचं?"

"सौम्य आम्लाने धुवायचे. धातू सुटतो, मणी परत वापरता येतात."

"म्हणजे हजार लिटरातला धातू तू दहा लिटरात आणलास."

"हो."

"आणि ते दहा लिटर कुठे ओतायचे?"

माझ्या प्रबंधात याला शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. वापरलेल्या मण्यांची योग्य विल्हेवाट लावावी, असं लिहून मी मोकळी झाले होते. धातू जळत नाही, कुजत नाही, कशाने संपत नाही. त्याची फक्त जागा बदलते. पाण्यातून मण्यात, मण्यातून आम्लात. पुढची जागा कोणती, हे माणसालाच ठरवावं लागतं आणि मी ते दुसऱ्या कोणावर तरी सोडलं होतं.

तरीही मण्यांचं काम वाया नाही, हेही बाबांच्याच हिशोबातून कळलं. हजार लिटरात विखुरलेल्या निकेलचं काहीच करता येत नाही. दहा लिटरात गोळा झालेलं निकेल मात्र पुन्हा टाकीत घालायच्या लायकीचं करता येतं. आणि निकेल महाग असतं. जे आपण गटारात सोडत होतो, ते विकत घेतलेलंच होतं.

पुढची दोन वर्षं आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. सुरुवात फुकटात झाली: टाकीतून माल काढला की दहा-पंधरा सेकंद तिथेच वर धरून निथळू द्यायचा. कारागिरांना हे आधी फार जाच वाटलं, पण त्याने सर्वांत जास्त फरक पडला. मग निकेलच्या टाकीनंतर साठवणीच्या पाण्याची एक टाकी ठेवली. गरम निकेलच्या टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, त्या जागी हे साठलेलं पाणी परत घालायचं. त्यापुढे धुण्याच्या तीन टाक्या ओळीने लावल्या. माल एका दिशेने जातो, पाणी उलट दिशेने येतं. त्यामुळे स्वच्छ पाणी खूपच कमी लागू लागलं. शेवटी उरलेल्या थोड्या पाण्यासाठी निकेल पकडणाऱ्या मण्यांचं एक नळकांडं बसवलं. क्रोमचं पाणी पूर्ण वेगळं केलं. त्यात आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की पिवळं पाणी हिरवट होतं, म्हणजे सहा भाराचं क्रोमियम तीन भाराचं होतं. मग चुन्याने ते गाळासारखं खाली बसतं. तो गाळ पिंपात भरून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी जातो आणि त्याची पावती बाबा फाइलला लावतात. या सगळ्यात बाबांनी नवी गाडी घ्यायचं दोनदा पुढे ढकललं.

इथेच हा लेख संपला असता तर मला आवडलं असतं.

पण एका रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, "त्या जुन्या खड्ड्याचं काय गं?"

आताच्या जागेत येण्याआधी, माझ्या जन्माच्याही आधी, बाबांची शेड शहराच्या कडेला एका भाड्याच्या जमिनीवर होती. नऊ वर्षं. तिथे गटार नव्हतं. धुण्याचं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जायचं. त्या काळी आजूबाजूचे सगळेच असं करत. शहर वाढलं, आता तिथे रहिवासी इमारत आहे आणि खड्डा तिच्या पार्किंगच्या आसपास कुठेतरी गाडला गेला आहे. तीन भाराचं क्रोमियम बहुधा मातीलाच चिकटून राहतं. सहा भाराचं मात्र पाण्याबरोबर खाली, बाजूला सरकत राहतं आणि वर्षानुवर्षं टिकू शकतं. हे मीच बाबांना शिकवलं होतं.

मी म्हटलं, "त्यांच्या बोअरचा नमुना घेऊ. कॉलेजचा प्रकल्प आहे असं सांगते."

बाबांनी जेवण थांबवलं. "खोटं सांगून पाणी आणायचं आणि खराब निघालं तर? मग कोणत्या तोंडाने सांगणार?"

ते स्वतःच तिथल्या अध्यक्षांकडे गेले. मी बरोबर होते. बाबांनी सरळ सांगितलं, की इथे माझी शेड होती, असं असं पाणी जमिनीत सोडलं, मला तुमच्या बोअरचं पाणी माझ्या खर्चाने तपासायचं आहे. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत या, चहा घ्या," आणि चहा होईपर्यंत आणखी तिघांना बोलावून घेतलं.

अहवालात निकेल मर्यादेत होतं. क्रोमियम नव्हतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत 50 मिलिग्रॅम, चिमूटभर मीठही त्याहून जास्त भरेल. बोअरच्या पाण्यात प्रमाण याच्या वर होतं, थोडंच, पण वर. ते लोक पिण्यासाठी महापालिकेचं पाणी वापरत. बोअरचं पाणी गाड्या धुवायला आणि झाडांना. पण उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की बोअर वरच्या टाकीला जोडत. तो जोड त्याच आठवड्यात कायमचा काढला. खर्च बाबांनी दिला.

पार्किंगमध्ये झालेल्या बैठकीत एक बाई उठल्या. त्यांची मुलं तिथेच वाढलेली. त्यांनी विचारलं, "इतक्या उन्हाळ्यांत आमच्या पोरांच्या पोटात किती गेलं असेल?" बाबा काहीच बोलू शकले नाहीत. मीही नाही. कोणीतरी बाबांची बाजू घेत म्हणालं, की त्या भागात तेव्हा अशा बऱ्याच शेड होत्या, हे तुमचंच कशावरून? बाबा म्हणाले, "असेल दुसऱ्याचंही. पण माझं होतं, हे मला माहीत आहे." दर सहा महिन्यांनी ते त्या बोअरचं पाणी तपासून घेतात आणि अहवाल तिथल्या सूचना-फलकावर लावायला देतात. त्या बाई अजून आमच्याशी बोलत नाहीत.

आपल्या मंडळातली बरीच घरं आता शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत राहायला गेली आहेत. त्या जमिनींवर आधी काय होतं, हे आपण सहसा विचारत नाही. म्हणून चार गोष्टी सांगते. बोअरचं पाणी पिण्यात किंवा स्वयंपाकात येत असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी एकदा करून घ्या. हातातला टीडीएस मीटर शिसं किंवा क्रोमियम वेगळं दाखवू शकत नाही. त्याचा आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्याने थोडे दाटतात. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी असतात, पिण्याच्या पाण्याची हमी म्हणून नव्हेत. चांगलं आरओ यंत्र बहुतेक धातू अडवतं, पण अडवलेलं सगळं त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात असतं. ते पाणी कशाला वापरायचं, हेही ठरवायला हवं. आणि कोणाला शाळेच्या प्रदर्शनासाठी अल्जिनेटचे मणी करायचे असतील तर जरूर करा, मला निरोप द्या, मी येऊन शिकवीन. फक्त ते पाणी प्यायचं नाही आणि मोरचूद खाल्लेले निळे मणी बेसिनमध्ये ओतायचे नाहीत. बरणीत भरून माझ्याकडे द्या.

माझी ती पिवळी बाटली अजून कारखान्याच्या कपाटात आहे. तळाशी मणी आहेत, पाण्याचा रंग तसाच. नवा कारागीर आला की काका त्याला ती दाखवतात आणि निथळायला पंधरा सेकंद का थांबायचं, ते सांगतात.

शनिवारी शेवटच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून तपासणीला जातं. बाबा दरवेळी ती बाटली खिडकीपाशी नेतात, उजेडात धरतात आणि आजीच्याच सुरात विचारतात, "कळकलेलं नाही ना गं?"

"डोळ्यांनी नाही कळत, बाबा," मी सांगते आणि बाटलीवर तारीख लिहिते.